दाताच्या डॉक्टरची भीती : मुलांना गुंगी नको, ओळख हवी

‘दाताच्या डॉक्टरकडे जायचे म्हटले की पोर रडून आकांत करते. निघण्यापूर्वी जायफळ उगाळून द्यावे का? ब्राह्मीची गोळी चालेल का? मूल शांत राहील असे काही झाडपाल्याचे औषध सांगा.’ वरसे-रोहा परिसरातील माता-भगिनी आम्हाला हा प्रश्न नेहमी विचारतात. म्हणून या वेळचे आरोग्य पान त्यासाठीच.

एखादी गोष्ट परंपरेने चालत आली किंवा वडीलधाऱ्यांनी सांगितली एवढ्यावरून ती स्वीकारू नका, ती हिताची आहे का ते तपासा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आजीच्या बटव्यालाही आपण तीच कसोटी लावू.

पोटात देण्याची औषधे

जायफळाने गुंगी येते हे खरे. पण सहाणेवर एका घरात दोन वेढे देतात, तर दुसऱ्या घरात दहा. प्रमाण वाढले की मळमळ, छातीत धडधड आणि भ्रम होतो. वेखंड पोटात गेल्यास मुलांना सतत उलट्या होऊ शकतात. ब्राह्मी, अश्वगंधा, जटामांसी यांच्या गोळ्या मुलाला स्वतःच्या मनाने देऊ नयेत. दंतवैद्याने भूल किंवा झोपेचे औषध दिले, तर दोन्हींचा परिणाम एकत्र होऊ शकतो. शिवाय गुंगीतल्या मुलाला नीट गिळता-खोकता येत नाही आणि तोंडातले पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मुलाला काही दिलेच असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

लवंगेच्या तेलातील युजेनॉल दंतवैद्यही वापरतात, त्याने ठणका कमी होतो. पण घरी निव्वळ तेल लावल्यास हिरडी भाजते. लहान मुलाच्या पोटात ते गेले, तर यकृताला इजा होऊ शकते. बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

वासाचा उपयोग

सुगंधाबाबत मात्र थोडा पुरावा आहे. व्हिएन्ना येथील संशोधकांनी 2005 मध्ये दंतवैद्याच्या प्रतीक्षा खोलीत संत्र्याचा आणि लव्हेंडरचा वास दरवळत ठेवला, तेव्हा मोठ्या माणसांची धास्ती कमी झालेली दिसली. इराणमधील इस्फहान येथे 6 ते 9 वर्षांच्या 30 मुलांवर केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचाराच्या वेळी संत्र्याच्या तेलाचा वास असताना मुलांची नाडी आणि लाळेतील ताणाचे संप्रेरक कमी आढळले. हे अभ्यास लहान आहेत, त्यामुळे खात्री देता येत नाही. पण संत्र्याची ताजी साल रुमालावर पिळून मुलाच्या हाती द्यायला खर्च नाही. मुलाला दमा असेल तर हेही टाळा, आणि सुगंधी तेल कधीही पाजू नका.

भीती येते कुठून?

मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक आया एकेकाळी तान्ह्या बाळांना अफूची गोळी देऊन कामावर जात. आपल्या कोकणातूनही कितीतरी कुटुंबे गिरणीत गेली होती. दोष त्या आयांचा नव्हता. त्यांना बाळंतपणाची पगारी रजाच नव्हती. ती मिळावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये कायदा झाला. उपाय गोळीत नव्हता, हक्कात होता.

आजही मजुरी बुडेल म्हणून आपण दात असह्य ठणकेपर्यंत थांबतो. मग मुलाची दंतवैद्याशी पहिली भेट होते ती सुजलेल्या गालाने आणि इंजेक्शनने. ते मूल पुढच्या वेळी घाबरणारच. म्हणून दुखत नसताना पहिली भेट घडवा. पहिला दात आल्यावर, वर्षाच्या आत न्यावे असे तज्ज्ञ सांगतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची मोफत तपासणी करतात, त्यात दातही पाहतात. पथक येईल त्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नका. पुढच्या उपचारासाठी रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

घरी काय करावे?

‘गप्प बस, नाहीतर डॉक्टरला सुई टोचायला सांगते’ ही धमकी आजपासून बंद करा. ‘अजिबात दुखणार नाही’ असे खोटेही सांगू नका. ‘थोडे टोचेल, मी शेजारी आहे’ एवढे पुरे. आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे, ही बालदंतवैद्यकातील जुनी रीत आहे. डॉक्टरांना तशी विनंती करायला संकोच वाटू देऊ नका, तो मुलाचा हक्क आहे. दुखले तर डावा हात वर करायचा, म्हणजे डॉक्टर थांबतील, अशी खूणही आधीच ठरवून घ्या.

आणि श्वास. आनापानसतीत आपण येणारा-जाणारा श्वास फक्त जाणतो. मुलांना तेवढेच शिकवा. नाकाने श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा, लक्ष तिथेच ठेवायचे. सावकाश श्वासाने धडधड कमी होते. पण हे खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा जमत नाही. विहारातील रविवारच्या बालवर्गात रोज नाही तरी दर आठवड्याला पाच मिनिटे सराव करून घेता येईल. एका मुलाने डॉक्टर व्हायचे, दुसऱ्याने ‘आ’ करायचा, असा खेळही तिथेच खेळता येईल.

इतके करूनही मूल फारच घाबरत असेल, तर बालदंततज्ज्ञांना दाखवा. गुंगी द्यायची गरज पडलीच, तर ती प्रशिक्षित डॉक्टरांनीच, सर्व सोय असलेल्या ठिकाणी द्यावी. घरच्या सहाणेवर ते काम होत नाही.