धाब्याच्या घरापासून हिरव्या छतापर्यंत

खानदेशातील धाब्याच्या घरांत लाकडी तुळया व फळ्यांवर मातीचा जाड थर दाबून सपाट छत केले जाई. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या जळगाव-धुळ्यात तो थर उन्हाची झळ घरात लवकर उतरू देत नसे, आणि पावसाळ्यात त्यावर गवतही उगवे. हिरवे छत, म्हणजे जलरोधक थर, मुळांना अडविणारा पडदा व निचऱ्याचा थर यांवर हलक्या मातीत वाढविलेले वनस्पतींचे आच्छादन, हे याच सुज्ञ परंपरेचे पुढचे रूप मानावे लागेल. पानांतून बाष्प बाहेर पडताना, म्हणजेच बाष्पोत्सर्जनात, उष्णता खर्ची पडून छत आणखी थंड राहते. मात्र साध्या ओल्या मातीचा १० सेंटिमीटरचा थरही दर चौरस मीटरला दीडशे किलोंहून अधिक भार टाकतो, म्हणून कोकोपीट व कंपोस्टचे मिश्रण वापरणे आणि स्लॅब आधी अभियंत्याकडून तपासून घेणे अत्यावश्यक ठरते. पाण्यासाठी, केळीबागांनी आपलेसे केलेले आणि जळगावातच ज्याची सामग्री तयार होते ते ठिबक सिंचन गच्चीवरही उत्तम चालते.