कुणा एकाला म्हटलेलं ‘डोन्ट’

अमेरिकन संगीतकार होरेस ऑट यांचं एकदा प्रेयसीशी भांडण झालं. त्या अस्वस्थतेत त्यांना एक चाल सुचली आणि तिच्याबरोबर ध्रुवपदही. माझ्याबद्दल गैरसमज होऊ देऊ नका, एवढाच त्याचा आशय. चाल घेऊन ते बेनी बेंजामिन आणि सोल मार्कस या जोडीकडे गेले आणि गाणं पुरं झालं. मग अडचण आली ती नावांची. ऑट रॉयल्टी गोळा करणाऱ्या एका संस्थेचे सभासद होते, बाकीचे दोघे तिच्या प्रतिस्पर्धी संस्थेचे, आणि दोन्हीकडच्या लोकांना मिळून नाव लावता येत नव्हतं. तेव्हा ऑट यांच्या जागी नाव लागलं ते प्रेयसीचं. ती पुढे त्यांची पत्नी झाली. जिच्याशी भांडण झालं, तीच कागदोपत्री या गाण्याची सहलेखिका आहे.

‘डोन्ट लेट मी बी मिसअंडरस्टूड’ हे ते गाणं. १९६४ मध्ये ते नीना सिमोन यांनी गायलं आणि दोघांमधल्या त्या रुसव्याचा अर्थच पालटला. नीना नॉर्थ कॅरोलिनातल्या ट्रायन या छोट्या गावच्या. त्यांना शास्त्रीय पियानोवादक व्हायचं होतं. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटने प्रवेश नाकारला, आणि तो आपण कृष्णवर्णीय असल्यामुळेच नाकारला, असं त्या कायम मानत आल्या. अमेरिकेत नागरी हक्कांचा लढा पेटलेला होता आणि ‘मिसिसिपी गॉडम’सारखं संतापाने उसळणारं गाणं त्या त्याच वर्षी मंचावर गात होत्या. अशा बाईच्या संथ, जड आवाजात ‘गैरसमज करून घेऊ नका’ ऐकलं की समोर प्रियकर दिसत नाही, अख्खा देश दिसतो. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या ‘द अ‍ॅनिमल्स’ने त्याला वेग दिला. १९७७ मध्ये ‘सांता एस्मेराल्डा’ने त्यावर फ्लॅमेंकोचा रंग चढवून ते डिस्कोत नाचवलं. दोन्ही रूपं झकास आहेत, पण माझ्या मते गाण्याचा जीव नीनांच्याच आवाजात आहे.

‘डोन्ट’ने सुरू होणाऱ्या लोकप्रिय इंग्रजी गाण्यांची रांग मोठी आहे. १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने ‘डोन्ट बी क्रूएल’ गायलं, तेव्हापासून दर दशकात निदान एक तरी असं गाणं लोकांच्या ओठांवर राहिलं आहे. यांतल्या बहुतेक गाण्यांचा जन्म फार खासगी आहे. एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला काहीतरी करू नकोस म्हणून विनवलेलं असतं, किंवा धीर दिलेला असतो. पण शीर्षकात त्या दुसऱ्या माणसाचं नाव नसतं. ती जागा मोकळी राहते आणि ऐकणारा तिथे स्वतः जाऊन उभा राहतो. या गाण्यांची ताकद मला तिथे वाटते.

‘फ्लीटवुड मॅक’चं ‘डोन्ट स्टॉप’ घ्या. क्रिस्टीन मॅकव्ही यांनी ते नवऱ्यापासून वेगळं होताना लिहिलं. नवरा जॉन त्याच बँडमध्ये, त्याच गाण्यात बेस गिटार वाजवत होता. दुरावलेल्या माणसाला ‘मागचं सोड, उद्याचं बघ’ म्हणणारं हे गाणं १९७७ च्या ‘रूमर्स’ अल्बममध्ये आलं. पंधरा वर्षांनी बिल क्लिंटन यांनी ते प्रचारासाठी उचललं आणि जानेवारी १९९३ मध्ये त्यांच्या शपथविधीच्या सोहळ्यासाठी विखुरलेला बँड पुन्हा एकत्र आला. ‘जर्नी’चं १९८१ चं ‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’ हे तर वडिलांचे शब्द. कीबोर्डवादक जोनाथन केन लॉस एंजेलिसमध्ये हातपाय मारत असताना वडिलांनी फोनवर त्याला धीर दिला होता, त्यातलं हे वाक्य त्याने वहीत उतरवून ठेवलं होतं. एरवी अशी गाणी मिनिटभरात ध्रुवपदावर येतात. इथे ते जवळजवळ शेवटी येतं, आणि इतका वेळ थांबवल्यामुळेच सगळा जमाव एका आवाजात गाऊ लागतो.

या रांगेतल्या एका गाण्याचं मूळ मात्र थेट आपल्याकडे आहे. १८९४ मध्ये पुण्यात एका इराणी कुटुंबात जन्मलेले मेरवान शेरियार इराणी, म्हणजेच आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा. १० जुलै १९२५ रोजी नगरजवळच्या मेहेराबाद इथे त्यांनी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत ते सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून आणि नंतर नुसत्या हातांच्या खुणांनी ते बोलत. ‘चिंता करू नका, आनंदात राहा’ हे सांगणं त्यांच्या अमेरिकेतल्या भक्तांमध्ये पोस्टरवर आणि कार्डांवर पोचलं. सॅन फ्रान्सिस्कोत ‘टक अँड पॅटी’ या संगीतकार जोडप्याच्या घरी असं एक पोस्टर गायक बॉबी मॅकफेरिन यांच्या नजरेला पडलं.

त्यातून १९८८ मध्ये ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ तयार झालं. त्यात एकही वाद्य नाही. शीळ, बेसचे खालचे स्वर, ताल, मागची साथ हे सगळं मॅकफेरिन यांनी स्वतःच्या गळ्यातून आणि शरीरावर थाप देऊन काढलं आणि थरावर थर ध्वनिमुद्रित केले. बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे वाद्यांविना असलेलं पहिलं गाणं. जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं एक शब्दही न उच्चारलेल्या माणसाचं वाक्य निव्वळ कंठातून घडलेल्या गाण्याने जगभर नेलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर वळण वाटतं. त्याच वर्षी थोरल्या जॉर्ज बुश यांच्या प्रचारात ते वाजू लागलं, तेव्हा मॅकफेरिन यांनी हरकत घेतली. आजही असंख्य लोक ते बॉब मार्ली यांचं समजतात. मार्ली त्याच्या सात वर्षं आधी, १९८१ मध्येच वारले होते. मॅकफेरिन यांचं नाव या गाण्याशी नीट जोडलं जायला हवं, आणि नगर-पुण्याच्या वाचकांना तरी त्यामागचे मेहेरबाबा ठाऊक असायला हवेत.

‘ओएसिस’च्या ‘डोन्ट लुक बॅक इन अँगर’वर तर एका शहराच्या लोकांनी मालकीच सांगितली. नोएल गॅलाघरचं हे गाणं १९९६ मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर होतं. २२ मे २०१७ रोजी मँचेस्टरमध्ये आरियाना ग्रांडेच्या मैफलीनंतर बॉम्बस्फोट झाला आणि २२ जण मारले गेले. तीन दिवसांनी सेंट अ‍ॅन्स स्क्वेअरमध्ये लोकांनी मिनिटभर स्तब्धता पाळली. ती संपल्यावर गर्दीतल्या एका बाईने हे गाणं सुरू केलं आणि हळूहळू सगळा चौक गाऊ लागला. ओएसिस मँचेस्टरचाच, त्यामुळे गाणं घरचं होतं. पण त्या दिवशी रागाने मागे पाहू नका हे शहराने स्वतःलाच सांगितलं.

‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’त विनवणी औषधालाही नाही. मला अडवू नका, असं तो आनंदाने उधळत सांगतो. बँडचा गिटारवादक ब्रायन मे याला त्या शब्दांची काळजी वाटायची, कारण त्या दिवसांत फ्रेडी स्वतःला जपत नव्हता. १९७९ मध्ये ब्रिटनच्या यादीत ते नवव्या क्रमांकापर्यंतच गेलं. १९९१ मध्ये एड्सने फ्रेडीचा बळी घेतला, आणि गाणं खऱ्या अर्थाने मोठं झालं ते त्यानंतर. झांझिबारच्या पारशी घरातला फ्रेडी, मूळचा फरोख बलसारा, आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तिथे तो पियानो शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये तो वाजवू लागला. ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ जवळजवळ पूर्ण पियानोवरच धावतं, गिटारला मधल्या छोट्या तुकड्यापुरतीच जागा आहे. पुढच्या वेळी हे गाणं लागलं तर शब्द बाजूला ठेवून एकदा नुसता पियानो ऐका.