मूळ फुटलं, रोप कुठंय?

सकाळी सहा. रात्रीच उघड्या बादलीत नळाचं पाणी काढून ठेवलेलं असतं, तोवर त्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. खिडकीत, फ्रिजवर, शिलाई मशीनवर मिळून चाळीसेक बाटल्या आहेत. त्यात खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटल्या सगळ्यांत गुणी. साध्या काचेतून उजेड शिरतो आणि शेवाळ धरतं.

पाणी दर चार दिवसांनी बदलते. बदलताना बाटली नाकाशी धरायची. चांगल्या बाटलीला वास नसतो. देठाचं टोक बुळबुळीत लागलं, तर तेवढं ब्लेडने उडवून बाटली साबणाने घासायची.

आठ ते अकरा डबे, धुणं, स्वयंपाक. त्याबद्दल काय लिहायचं?

साडेअकरा. महापालिकेचे डास तपासणीवाले येतात. बॅटरी मारून एकेक बाटली बघतात. "ताई, एवढं साठवलेलं पाणी?" त्यांचं बरोबरच आहे. गेल्या पावसाळ्यात माळ्यावर एक बाटली विसरले होते. तिच्यात अळ्या वळवळताना मीच पाहिल्या. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर तारखेची चिठ्ठी असते.

दुपारी एक. आज स्नेक प्लांटची पानं कापायची. एका लांब पानाचे चार-चार इंचांचे तुकडे पडतात. कापल्याबरोबर प्रत्येकाच्या खालच्या टोकाला उलट्या व्हीसारखी खाच घेते. त्याने कडा पाण्यात टेकून सडत नाहीत आणि खालची बाजू कुठली तेही लक्षात राहतं. ते राहायलाच हवं, कारण तुकडा उलटा ठेवला तर मूळ फुटत नाही. झाड वरचं-खालचं विसरत नाही, आपण विसरतो. तुकडे लगेच पाण्यात टाकायचे नाहीत. वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस चीक सुकू द्यायचा. पुढे मूळ यायला महिना-दीड महिना आणि जमिनीतून कोंब वर यायला आणखी कितीतरी महिने. हिवाळ्यात तर विचारूच नका.

पिवळ्या काठाच्या जातीला मात्र मी ब्लेड लावत नाही. तिच्या तुकड्यातून येणारं पिल्लू नुसतं हिरवं निघतं. पिवळा काठ वेगळ्या पेशींच्या थराचा असतो आणि नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून येतो. काठ हवा असेल तर गड्डाच फोडायचा. पहिल्यांदा मी हिरवी पिल्लं पाहून नर्सरीवाल्याने फसवलं म्हणून चिडले होते. बिचारा.

चार. शेजारची कॉलेजातली मुलगी मनी प्लांटचं एकच पान ग्लासात घेऊन आली. देठाला मुळ्यांची दाढी.

"काकू, सहा महिने झाले, दुसरं पानच येत नाही."

"येणार पण नाही. तू डोळा घेतलाच नाहीस."

वेलीच्या पेराशी जो डोळा असतो, त्यातून फांदी निघते. नुसत्या पानाला मुळ्या येतात, ते तसंच जगतं आणि शेवटी पिवळं पडतं. पानफुटीचं पान वहीत ठेवलं तरी कडांना पिल्लं धरतात. ते पाहून वाटतं, सगळीच पानं तशी. तिला पेरासकट बोटभर वेल कापून दिली.

साडेसहा. आफ्रिकन व्हायोलेट. हे मूळचं टांझानियातल्या उसांबारा डोंगरांतलं, त्याला आपला एप्रिल-मे सोसत नाही. पण याचं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर पुढे देठाच्या तळाशी नखाएवढी रोपं येतात. मुळी इंचभर झाली की कुंडीत हलवते. पाण्यातल्या मुळ्या ठिसूळ असतात, म्हणून कोकोपीट दाबायचं नाही, आणि आठवडाभर वरून प्लास्टिकची पिशवी.

रात्री दहा. बादली भरून ठेवली. दुपारच्या तुकड्यांसाठी सहा बाटल्या कमी पडताहेत. तुमच्याकडे खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या असतील तर फेकू नका.