संकेतस्थळाचे बिऱ्हाड हलवताना

धर्मप्रांताच्या या संकेतस्थळाने आपली जागा बदलली आहे. पत्ता पूर्वीचाच असल्यामुळे बहुतेक वाचकांना हा बदल जाणवलाही नसेल. तथापि गेल्या काही महिन्यांत निरनिराळ्या धर्मग्रामांतून, शाळांतून आणि पतसंस्थांतून आमच्याकडे एकच विचारणा होत आहे : ‘आमचे संकेतस्थळ सांभाळणारे लोक तक्रारीची दाद घेत नाहीत, काय करावे?’ प्रत्येकाला वेगळे उत्तर पाठवण्यापेक्षा हा विषय येथे सविस्तर मांडणे आम्हांला इष्ट वाटले.

संकेतस्थळ म्हणजे दोन निरनिराळ्या गोष्टींची जोड असते. एक त्याचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. आणि दुसरी, ज्या सर्व्हरवर त्याची पाने, छायाचित्रे व माहितीसाठा ठेवलेला असतो ती जागा, जिला होस्टिंग म्हणतात. नाव नोंदवावे लागते, जागा भाड्याने घ्यावी लागते. टाइप केलेले नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे ठरवणारी डीएनएस नावाची व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली रचली. तिच्यामुळेच जागा बदलली तरी नाव तेच राहू शकते. ही दोन कामे दोन वेगळ्या कंपन्यांकडे सोपवता येतात, आणि ती तशीच सोपवावीत असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही जुनी जागा सोडली ती भाडे वाढले म्हणून नव्हे. सेवा पुरवणाऱ्या कंपनीने आपला सर्व्हर अद्ययावत केला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या प्रत्येक पानावर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसू लागल्या. तो पवित्र आठवडा होता. उपासनेच्या वेळा, पायी निघणाऱ्या क्रुसाच्या वाटेचा तपशील, आणि आखाती देशांत वा कॅनडात असलेले आप्त जिच्यासाठी हे पान उघडतात ती दफनविधीची सूचना, सारेच वाचण्यापलीकडे गेले. तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की ‘आमच्याकडे पान व्यवस्थित उघडते आहे’, आणि तक्रार बंद करण्यात आली. पुन्हा नोंदवली, पुन्हा तेच उत्तर. पान उघडत होते हे खरेच. दार उघडे होते, आत माणसे नव्हती! उत्तर देणाऱ्याला देवनागरी वाचता येत नसावी हे आम्ही समजू शकतो. पण आम्ही सोबत पाठवलेले छायाचित्र त्याने पाहिलेही नव्हते, हे समजून घेणे अवघड होते.

असे का घडते? स्वस्त दरात जागा देणारे पुष्कळ स्थानिक व्यावसायिक स्वतःचे सर्व्हर बाळगत नाहीत. ते मोठ्या कंपनीकडून घाऊक जागा घेतात आणि किरकोळ भाड्याने देतात. बिघाड झाल्यास त्यांनाही वर तक्रार करावी लागते आणि सर्व्हरला हात लावण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. मोठ्या कंपनीत पहिले उत्तर देणारा कर्मचारी ठरावीक वाक्ये पाठवून पुढच्या तक्रारीकडे वळतो, कारण त्याचे काम बहुधा किती तक्रारी निकाली काढल्या यावर मोजले जाते. जाहिरातीत ‘एका तासात प्रतिसाद’ असे म्हटलेले असते, तेव्हा तो प्रतिसाद म्हणजे तक्रार मिळाल्याची पोच असू शकते. दुरुस्ती किती वेळात होईल याचे आश्वासन त्यात नसते. तसेच ‘९९.९ टक्के सेवा’ हा आकडा भरघोस वाटतो, पण उरलेला दशांश टक्का म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास, आणि ९९ टक्के म्हटले तर साडेतीन दिवसांहून अधिक. त्यातही पान उघडत असेल, मात्र वाचता येत नसेल, तर तो काळ बिघाडाच्या हिशेबात धरला जाईलच असे नाही.

एखाद्या रात्री सेवा खंडित झाली म्हणून कोणी बिऱ्हाड हलवू नये. अपघात मोठमोठ्या कंपन्यांनाही चुकत नाहीत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या सर्व्हर-केंद्राला आग लागली, एक संपूर्ण इमारत नष्ट झाली, आणि ज्या ग्राहकांची प्रत अन्यत्र ठेवलेली नव्हती त्यांच्यापैकी अनेकांचा साठा कायमचा गेला. मात्र तक्रार न वाचताच ती वारंवार बंद केली जाते, तेव्हा तो अपघात राहत नाही. अशा वेळी निघावे.

निघण्यापूर्वी नाव कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे. जमीन विकत घेताना आपण सातबारा पाहतो. डोमेनच्या बाबतीत मात्र ‘त्या मुलाने सगळे करून दिले’ एवढ्यावर संस्था समाधान मानतात. नोंदणी त्या व्यावसायिकाच्या नावावर असेल तर भांडण होण्याआधी, गोडीगुलाबीने, ती संस्थेच्या नावावर करून घ्यावी. डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांसाठी आयकॅन या संस्थेचे नियम लागू आहेत. नाव दुसरीकडे नेण्यासाठी लागणारा सांकेतिक क्रमांक नोंदधारकाने मागितल्यावर नोंदणी कंपनीने तो पाच दिवसांत द्यावा लागतो, आणि मुदत संपण्यापूर्वी सुमारे एक महिना व एक आठवडा अशा दोन सूचना पाठवाव्या लागतात. डॉट इन नावांची व्यवस्था निक्सी ही भारतीय संस्था पाहते. या सूचना ज्या ई-मेलवर येतात तो पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा. संकेतस्थळ बंद पडले की तो पत्ताही बंद पडतो.

त्यानंतर प्रत. साऱ्या फाइली आणि माहितीसाठा स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावा, आणि येथे मराठी संकेतस्थळांनी विशेष सावध राहावे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. पण मायएसक्यूएल हा सर्वत्र वापरला जाणारा माहितीसाठा २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत, वेगळे सांगितले नाही तर, पश्चिम युरोपीय लिपीच गृहीत धरीत असे. जुना व नवा सर्व्हर यांची ही समजूत जुळली नाही की मजकूर बिघडतो. पडद्यावर तऱ्हेवाईक रोमन अक्षरे दिसत असतील तर मूळ बाइट बहुधा शाबूत असतात आणि जाणकार माणूस मजकूर परत आणू शकतो. प्रश्नचिन्हे दिसत असतील तर प्रकरण नाजूक असते. कदाचित बिघाड केवळ वाचण्याच्या वाटेवर असेल. परंतु त्या अवस्थेत कोणी पान संपादित करून साठवले, तर प्रश्नचिन्हेच कायमची होतात. म्हणून अशा वेळी कोणीही ‘थोडी दुरुस्ती’ करू नये. उतरवलेली प्रत साध्या संपादकात उघडावी आणि तिच्यात मराठी अक्षरे डोळ्यांनी पाहावीत. फाइल मोठी आहे म्हणून ती ठीक आहे असे समजू नये. आमच्या एका तरुण स्वयंसेवकाने दर महिन्याला अशी प्रत घरी ठेवण्याची शिस्त लावली होती. मृत्युवार्ता, सणांचे वृत्तांत, लेख असा वर्षानुवर्षांचा संग्रह तिच्यामुळेच वाचला.

युनिकोडपूर्व काळातील खास फॉन्टवर आधारलेली पाने ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांनी ती आहेत तशीच हलवावीत. रूपांतर हे स्वतंत्र आणि वेळखाऊ काम आहे, ते स्थलांतरात मिसळू नये.

नवी जागा घेण्याआधी तिथल्या मदत विभागाची परीक्षा घ्यावी. रविवारी रात्री एक नेमका प्रश्न पाठवावा : आमचा मराठी माहितीसाठा प्रतीवरून पूर्ववत करून द्यायला किती वेळ लागेल, आणि ते काम कोण करील? उत्तर प्रश्नाला धरून आहे का, एवढेच पाहावे. मग सारे काही नव्या सर्व्हरवर मांडून आधी केवळ आपल्याच संगणकावर तपासावे. तशी सोय संगणकाच्या ‘होस्ट्स’ फाइलमधून होते. डीएनएसमधील नोंद इतर संगणकांनी किती सेकंद लक्षात ठेवावी याचा आकडा असतो. तो ८६,४०० असेल तर एक दिवस झाला. स्थलांतराच्या दोन दिवस आधी तो ३०० करावा, म्हणजे प्रत्यक्ष बदल काही मिनिटांत पसरू लागतो. नेमसर्व्हरच बदलायचे असतील तर मात्र दोन दिवस धरून चालावे, आणि त्यासाठी रविवार वा सणाची पूर्वसंध्या निवडू नये.

सर्वांत अधिक विसर पडतो तो ई-मेलचा. कार्यालयाच्या टपालपेट्या त्याच सर्व्हरवर असतील तर त्यांतील पत्रेही हलवावी लागतात, आणि पत्रे कोठे पोहोचवावीत ही डीएनएसमधील नोंद वेगळी असते. आपल्या वतीने कोणता सर्व्हर पत्रे पाठवू शकतो हे सांगणारी नोंदही नव्याने करावी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल अशा ओळखीशिवाय आलेली पत्रे परत पाठवू शकते वा नकोशा पत्रांत टाकू शकते.

जुने खाते आणखी एक महिना चालू ठेवून तिथल्या टपालपेट्या अधूनमधून पाहाव्यात. मग ते बंद करण्याची विनंती लेखी करावी आणि आपोआप होणारे नूतनीकरण थांबवल्याची खात्री करून घ्यावी. बँकेच्या कार्डावरून पुढच्या वर्षाचे भाडे कापले गेले, तर ते परत मिळवण्यासाठी पुन्हा त्याच मदत विभागाकडे तक्रार नोंदवावी लागते.