पाला, फॉइल की कागद? गुंडाळून शिजवण्याविषयीचे गैरसमज

थंडी पडली की सुरतेहून नवसारी-वलसाडकडे जाणाऱ्या महामार्गालगत उंबाडियुंची मडकी लागू लागतात. आत सुरती पापडी, कंद, रताळी, बटाटे आणि त्यांना चोळलेलं हिरवा लसूण, ओली हळद, मिरची, ओव्याचं वाटण. रायगडच्या पोपटीचं हे सख्खं भावंड. पण मडक्यात नेमकं काय घडतं, याविषयी समजुती मात्र भलत्याच आहेत.

गैरसमज : हे धुरावर शिजतं.
वस्तुस्थिती : शिजवते ती वाफ. पाल्याने तोंड बंद केलेलं मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. वरून पाणी घालत नाहीत. शेंगा-कंदांतल्याच पाण्याची वाफ होते. ती वर चढते, पण वर मडक्याचं बूड असल्याने आतच कोंडते. धुराचा वास लागतो तो वरवर.

गैरसमज : पाला फक्त वासासाठी.
वस्तुस्थिती : वास हवाच. त्यासाठी उंबाडियुंत कलार-कंबोई, तर पोपटीत भांबुर्डा. पण तापलेल्या मातीला थेट टेकलेली शेंग करपते. मध्ये ओला पाला असला, की त्यातलं पाणी उडेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या आसपास राहतं. म्हणून पाला ताजाच घ्यावा.

गैरसमज : कशातही गुंडाळा, परिणाम तोच.
वस्तुस्थिती : अमेरिकेत डुकराच्या बरगड्या साधारण १०७ अंश सेल्सिअसच्या मंद धुरावर भाजतात. पृष्ठभागावरचं पाणी उडताना मांस थंडही होत राहतं, त्यामुळे शिजणं रेंगाळतं. फॉइलमध्ये वाफ कोंडून मांस लवकर मऊ होतं, पण वरचा खरपूस थर ओला पडतो. म्हणूनच तिथे ३-२-१ ही पद्धत रूढ आहे : तीन तास उघडं, दोन तास फॉइलमध्ये आणि थर पुन्हा सुकावा म्हणून शेवटचा तास उघडं. बुचर पेपर थोडी वाफ बाहेर सोडतो. थर टिकतो, वेळ मात्र जास्त लागतो.

गैरसमज : केळीच्या पानाऐवजी फॉइल चालतं.
वस्तुस्थिती : पारशी पात्रानी मच्छीत पापलेटला खोबरं, कोथिंबीर, मिरची, लिंबाची चटणी लावतात. आंबट-खारट चटणीने ॲल्युमिनियम थोडं विरघळून पदार्थात उतरतं. त्यामुळे आत पानच हवं. त्याची जाड शीर छाटून ते विस्तवावर क्षणभर फिरवलं, की गडद, तुकतुकीत होतं आणि घडी घालताना फाटत नाही. मग पुडी दोऱ्याने बांधून वाफवायची. फॉइल वापरायचंच असेल, तर ते पानाच्या बाहेरून गुंडाळावं.