जुनी गाडी 'मिसिंग' करतेय? आधी निदान, मग दुरुस्ती

साखरपुड्याला निघायचंय, सगळे तयार होऊन गाडीत बसलेत. तुम्ही चावी फिरवता, गाडी सुरूही होते, पण आज तिचा आवाज नेहमीसारखा नाही. सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग थरथरतं, डॅशबोर्ड खडखडतो. पुलाच्या चढावर अॅक्सिलरेटर दाबला तर गाडी वेग घेण्याऐवजी गचके देते. मागच्या सीटवरून आई विचारते, "अरे, मध्येच बंद तर पडणार नाही ना?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बॉनेट उघडून दोन मिनिटं आवाज ऐकला जातो आणि निकाल मिळतो, "मिसिंग आहे. गाडी जुनी झाली, इंजिनचं काम काढावं लागेल."

इथेच आपण दोनपैकी एक चूक करतो. एक तर घाबरून मोठ्या खर्चाला होकार देतो, नाहीतर 'चालतेय तोवर चालवू' म्हणत गाडी तशीच पळवत राहतो. दोन्ही महागात पडतं. खरं तर मिसिंगची बरीचशी कारणं स्वस्तात दुरुस्त होणारी असतात. फक्त ती अंदाजाने नाही, तर क्रमाने शोधावी लागतात. हा क्रम तुम्हाला माहीत असेल तर स्वतः पाना हातात न धरताही तुम्ही गॅरेजमध्ये योग्य प्रश्न विचारू शकता.

मिसिंग म्हणजे नेमकं काय?

पेट्रोल इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटतं. इंजिनच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. मारुती ८००सारख्या ७९६ सीसीच्या गाडीत तीनच सिलिंडर असतात. उभी गाडी ८०० आरपीएमवर चालत असेल तर तिच्यात मिनिटाला १,२०० ठिणग्या पडतात. यातला एक सिलिंडर पेटेनासा झाला तर इंजिनची एक तृतीयांश ताकद गेली. म्हणूनच छोट्या गाडीत मिसिंग लगेच जाणवतं.

सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात : वेळेवर ठिणगी, योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल आणि पुरेसा दाब. बिघाड या तिघांपैकीच कुठेतरी असतो. तपासही याच क्रमाने करा, कारण तो स्वस्ताकडून महागाकडे जातो. (डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे त्याची तपासणी वेगळी असते.)

आधी हे पाहा : गाडी चालवायची की थांबवायची?

डॅशबोर्डवरचा इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर लागला असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. पण तोच दिवा मिसिंगबरोबर लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवा. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. त्या उष्णतेने कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. काही शे रुपयांच्या प्लगसाठी टाळाटाळ केली की खर्च हजारोंवर जातो तो असा. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळा.

गाडी कधी गचके देते, ते टिपून ठेवा

डॉक्टरकडे जाताना ताप कधी येतो ते आपण सांगतो ना? तसंच हे. मोबाइलवर चार ओळी लिहून ठेवा.

• फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यानंतर त्रास होतो? मग प्लगची वायर, तिची टोपी किंवा कॉइल यांना तडा गेलेला असू शकतो. ओल आली की वीज प्लगपर्यंत न पोहोचता मधूनच निसटते.

• उभ्या गाडीत थरथर, पण वेग घेतल्यावर ठीक? कुठूनतरी जास्तीची हवा आत शिरत असेल. जुन्या गाडीत रबरी व्हॅक्यूम पाइप कडक होऊन चिरतात. अशा वेळी बॉनेटखाली बारीक 'स्स' असा आवाजही ऐकू येतो.

• चढावर किंवा चार माणसं बसल्यावरच गचके? झिजलेले प्लग, अशक्त कॉइल किंवा चोंदलेला पेट्रोल फिल्टर.

• पेट्रोलवर ठीक, सीएनजीवर गचके? सीएनजीचं मिश्रण पेटवायला जास्त ताकदीची ठिणगी लागते. त्यामुळे झिजलेला प्लग आधी सीएनजीवरच उघडा पडतो.

कोणता सिलिंडर रुसलाय?

ही पायरी वगळली की मग सुरू होतो अंदाजपंचे खर्च. आधी प्लग बदलून बघू, मग कॉइल, मग इंजेक्टर.

गाडीत ओबीडी सॉकेट असेल तर काम सोपं आहे. ते बहुधा स्टिअरिंगच्या खाली असतं. तिथे स्कॅनर लावला की कोड मिळतो. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढे. पी०३०० आला तर मिसिंग एका ठिकाणी नसून फिरतं आहे. मग पेट्रोलचा दाब किंवा हवेची गळती यांसारखं सगळ्या सिलिंडरना लागू होणारं कारण शोधायचं. लक्षात ठेवा, कोड फक्त आजारी सिलिंडर दाखवतो. कोणता पार्ट खराब आहे ते सांगत नाही.

सॉकेट नसेल तर मेकॅनिक जुनी पद्धत वापरतो. एकेका सिलिंडरचं कनेक्शन बंद करून इंजिन काही सेकंद चालवायचं. चांगल्या सिलिंडरचं कनेक्शन काढलं की इंजिन आणखी लंगडतं. ज्याचं काढूनही आवाजात काही फरक पडत नाही, तोच दोषी. चालू इंजिनात प्लगची वायर हाताने ओढण्याचा प्रयोग तुम्ही मात्र करू नका. तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो.

प्लग काय सांगतोय?

प्लग नेहमी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढावा. त्याआधी भोवतालची धूळ साफ करावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. काढलेला प्लग तुम्ही स्वतः पाहायला मागा.

• फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक : सिलिंडर नीट जळतोय.

• कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर पाहा.

• ओला आणि पेट्रोलचा वास : ठिणगीच पडत नाहीये.

• तेलकट काळा : इंजिन ऑइल आत येतंय.

• पांढरा, फोड आल्यासारखा : पेट्रोल कमी पडतंय किंवा प्लग जास्त तापतोय.

प्लगच्या टोकातलं अंतर गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे असायला हवं. नवा प्लग आधी हाताने फिरवून बसवावा, मगच पान्याने घट्ट करावा. जोर लावला तर अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे खराब होतात, आणि ते काम प्लगपेक्षा कितीतरी महाग असतं.

नवा पार्ट घेण्याआधी अदलाबदल करा

प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर दोषी सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहता येते. बिघाड कॉइलबरोबर तिकडे गेला तर दोष कॉइलचा. जिथल्या तिथे राहिला तर कॉइल निर्दोष. प्लगचीही अशीच परीक्षा घेता येते. एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. खूप जुन्या, डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत त्याचं झाकण आणि आतला रोटरही तपासायला सांगा. झाकणाला बारीक तडा किंवा आतून हिरवट गंज असेल तर उत्तर तिथेच आहे.

ठिणगी ठीक असेल तर...

आता पेट्रोलकडे वळा. अलीकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. त्यामुळे महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल बिघडू शकतं. फिल्टर, पंपाचा दाब आणि इंजेक्टर या क्रमाने तपासणी करून घ्या.

हेही ठीक असेल तरच कम्प्रेशन टेस्ट. प्लगच्या जागी गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. एकात दाब कमी आला तर त्यात थोडं इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. कूलंट सारखं कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर संशय गॅस्केटवर. 'इंजिनचं काम' हे शब्द या चाचणीनंतरच ऐकून घ्यायचे, आधी नाही.

गॅरेजमध्ये हे तीन प्रश्न विचारा

कोणता सिलिंडर आहे? हे कसं ठरवलं? काढलेला जुना पार्ट मला दाखवाल का? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट नीट समजावून सांगतो. जो उत्तर टाळतो, त्याच्याकडे मोठं काम देण्याआधी दुसरीकडे विचारा. दुरुस्तीनंतर गाडी चढावर, एसी लावून, माणसं बसवून चालवून पाहा. त्रास ज्या परिस्थितीत होत होता, त्याच परिस्थितीत तो गेल्याची खात्री करा.

दाब खरोखरच गेला असेल आणि १५ वर्षांनंतरची नोंदणी नूतनीकरणाला आली असेल तर गाडीला निरोप देणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण तो निर्णय गेजवरचा आकडा पाहून घ्या, कुणाच्या दोन मिनिटांच्या अंदाजावर नको. जिने तुमच्या मुलांना शाळेत सोडलं, आईला दवाखान्यात नेलं, ती गाडी एका तडा गेलेल्या वायरसाठी भंगारात जायला नको, इतकंच.