डेटा संपल्यावर दुरून कॉम्प्युटर कसा चालवायचा?

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला एकच दिवस उरला होता. आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरी जुना कॉम्प्युटर, नेट अब्बांच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. आम्ही दुसऱ्या गावातून रिमोट सॉफ्टवेअर लावून तिला मदत करत होतो. अर्धी स्क्रीन यायची, अडकायची, मग सगळंच तुटायचं. पंधरा मिनिटं सॉफ्टवेअरला दोष दिल्यावर ती म्हणाली, "सर, आजचा डेटा संपल्याचा मेसेज आलाय."

बिघाड तिथेच होता. रोजचा डेटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. डायल-अपच्या काळातल्या मॉडेमचा वेग ५६ केबीपीएस होता. म्हणजे आपण आजही अधूनमधून डायल-अपवरच असतो. त्यामुळे तेव्हाचेच उपाय आज कामाला येतात.

आधी कारण समजून घेऊ. रिमोट सॉफ्टवेअर समोरच्या स्क्रीनचं चित्र आपल्याकडे पाठवतं. १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन पूर्ण रंगांत, कॉम्प्रेस न करता पाठवली तर सुमारे ३ एमबी होते. ६४ केबीपीएसवर तिला साडेसहा मिनिटं लागतील. सॉफ्टवेअर चित्र लहान करतं आणि बदललेला भागच पाठवतं, म्हणून काम चालतं. मग आपलं काम एकच: पाठवायचं चित्र कमी करा.

त्यासाठी समोरच्या कॉम्प्युटरवर फोटोचा वॉलपेपर काढून साधा रंग ठेवा. व्हिडिओ आणि जाहिरातींची पानं बंद करा. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये चित्राच्या दर्जापेक्षा वेगाला प्राधान्य द्या. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप वापरत असाल तर 'एक्स्पिरियन्स' टॅबमध्ये मॉडेमचा पर्याय निवडा. मात्र विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून कोणाला अशा प्रकारे आत घेता येत नाही. तिथे दुसरं सॉफ्टवेअर लागतं.

एवढं करूनही अडलं तर क्रमाने तपासा.

१) जोडणीच होत नाही: समोरच्या कॉम्प्युटरवर एखादी साधी वेबसाइट उघडते का ते विचारा. तीही उघडत नसेल तर दोष नेटचा आहे.

२) जोडणी होते पण सरकत नाही: मागे विंडोज अपडेट चालू असेल. वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा.

३) मध्येच तुटतं: ज्या मोबाईलचा हॉटस्पॉट आहे त्याच मोबाईलवर आपण फोन करून सूचना देत असतो. २जी नेटवर्कवर बोलणं सुरू झालं की डेटा थांबतो. बोलायला घरातला दुसरा फोन घ्या.

४) क्लिक केलं, काहीच झालं नाही: सबर करा. पुन्हापुन्हा क्लिक केलं तर सगळे क्लिक नंतर एकदम लागू होतात आणि भलतंच बटण दबतं. शक्य तिथे माऊसऐवजी टॅब आणि एंटर वापरा.

५) स्क्रीन काळी झाली: विंडोज परवानगी विचारत असेल. तो प्रश्न कधीकधी आपल्याला दिसत नाही. समोर बसलेल्यालाच 'येस' दाबायला सांगा.

फोटो आणि दाखले अपलोड करण्याआधी लहान करून घ्या. २ एमबीच्या फाइलला चार मिनिटांहून जास्त लागतात, २०० केबीच्या फाइलला साधारण अर्धा मिनिट.

आता सर्वांत महत्त्वाचं. रिमोटचा नंबर दिला म्हणजे घराची किल्ली दिली. "बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका" असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. ओळखीच्या माणसाशी जोडलेलं असतानाही ओटीपी आणि पासवर्ड स्वतःच टाका, आणि काम झालं की सॉफ्टवेअर बंद करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

त्या रात्री वॉलपेपर काढला, फाइली लहान केल्या आणि शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलत राहिलो. पावणेबाराला अर्ज जमा झाला. ओटीपी तिनेच टाकला.